दीर्घकाळ वाजवणाऱ्या रॉक बँडांचे येणारे अल्बम : आपण नेमकी कशाची वाट पाहतो आहोत?

तापीकाठ (जळगाव)

एसी/डीसीचा 'पॉवर अप' नोव्हेंबर 2020 मध्ये आला, आयर्न मेडनचा 'सेन्जुत्सु' सप्टेंबर 2021 मध्ये आणि मेटालिकाचा '72 सीझन्स' एप्रिल 2023 मध्ये. गन्स अँड रोझेसचा पूर्ण अल्बम आपण शेवटचा ऐकला तो नोव्हेंबर 2008 मध्ये. हे बँड अजून दौरे करतात, त्यांच्या कार्यक्रमांना मैदाने भरतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार भागातले आपण मोजके लोक त्यांच्या पुढच्या अल्बमकडे डोळे लावून बसलो आहोत. कोणता अल्बम कधी येणार याच्या अफवा या धाग्यात नकोत, त्या इतरत्र भरपूर मिळतात. अलीकडे जे आले त्यावरून पुढच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

माझे म्हणणे आधी मांडतो. सत्तरीच्या आसपास पोहोचलेल्या वादकांकडून आपण त्यांच्या पंचविशीतलाच अल्बम पुन्हा मागतो आणि तो मिळाला नाही की "आता यांच्यात पूर्वीचा दम राहिला नाही" असे म्हणून मोकळे होतो. ही मागणी मला अन्यायाची वाटते. चाळीस-पन्नास वर्षे एकच वाद्य हाती धरलेल्या माणसाला आज जे सुचते, आणि जे सुचायला तेवढे आयुष्य जगावे लागते, ते त्याने आपल्याला द्यावे, एवढी अपेक्षा ठेवून मी नव्या अल्बमची वाट पाहतो.

द क्युअरचे उदाहरण घ्या. त्यांचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' 1 नोव्हेंबर 2024 रोजी आला आणि त्याआधीचा अल्बम 2008 चा, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली. त्या काळात त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ याचे आईवडील गेले, थोरला भाऊ गेला, आणि भावाच्या जाण्यावर त्याने लिहिलेले गाणे या अल्बममध्ये आहे. गाणी आठच आहेत. पहिल्या गाण्यात तर शब्द सुरू होण्याआधी तीन मिनिटांहून अधिक काळ नुसते वादन चालते, आणि ते कुठेही रेंगाळल्यासारखे वाटत नाही. दुःखाची गाणी स्मिथ तरुणपणीही लिहीत असे, त्याची ख्यातीच ती होती. परंतु तेव्हाचे दुःख बरेचसे कल्पनेने उभे केलेले होते आणि हे त्याच्या घरात घडलेले आहे, हा फरक कानाला कळतो. असा अल्बम त्याला तरुणपणी, 1989 मध्ये, करता आला नसता, आणि म्हणूनच मला तो सोळा वर्षांच्या प्रतीक्षेच्या तोलामोलाचा वाटतो.

आपण कोणाची वाट पाहत आहात आणि का, हे सविस्तर लिहावे.

पांझरा (धुळे)

तापीकाठ, आपण मनापासून लिहिले आहे, परंतु वयाचा मुद्दा मला मान्य नाही. वय झाले म्हणजे गाणे संथ, गंभीर आणि मृत्यूविषयीच असले पाहिजे, असा एक समज आपल्या मांडणीतून नकळत तयार होतो. जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' मार्च 2024 मध्ये आला तेव्हा रॉब हॅलफर्ड 72 वर्षांचा होता. तो अल्बम वेगवान आहे, त्यातल्या दोन गिटारींची जुगलबंदी धारदार आहे, आणि हॅलफर्डचा वरच्या पट्टीतला आवाज जिथे लागायला हवा तिथे लागतो. त्या बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन याला कंपवाताचा आजार असल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले, तरी गाणी रचण्यातला त्याचा वाटा कायम राहिला. या माणसांनी वयाची सवलत मागितलेली नाही, मग आपण ती परस्पर का द्यावी? हेवी मेटल वाजवणाऱ्याकडून मी हेवी मेटलच मागणार, आणि ते चांगले नसेल तर ते चांगले नाही असेच म्हणणार.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. कॅसेट आणि सीडी विकल्या जात होत्या तेव्हा अल्बम हे कमाईचे साधन होते आणि दौरा त्याच्या प्रचारासाठी निघत असे. आता गाणी महिन्याच्या वर्गणीत ऐकायला मिळतात आणि कमाई दौऱ्यांतून होते. दौऱ्यात लोकांना जुनी गाणी हवी असतात. मग दोन वर्षे स्टुडिओत बसून नवीन बारा गाणी करायला कारण काय उरले? ज्यांना अजून काही सांगायचे आहे तेवढेच आता अल्बम करतात. त्यामुळे अल्बमांमधली अंतरे वाढली याचे मला दुःख नाही. केवळ करारात लिहिले आहे म्हणून घाईघाईने केलेले अल्बम 1980 आणि 1990 च्या दशकांत आपण पुष्कळ ऐकले आहेत.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

पांझराभाऊंचा दुसरा मुद्दा पटला. मी लांबीविषयी लिहिते, कारण येणाऱ्या अल्बमांबाबत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

'72 सीझन्स' सुमारे 77 मिनिटांचा आहे. 'सेन्जुत्सु' 82 मिनिटांचा आहे, आणि त्याआधीचा 'द बुक ऑफ सोल्स' तर 92 मिनिटांचा होता. याच मेटालिकाचा, याच मेडनचा 1980 च्या दशकातला अल्बम काढून पाहा, तो साधारण पाऊण तासात संपतो, फार तर तासाभरात किंवा त्याहून थोड्या अधिक वेळात. तेव्हा लाँग प्ले तबकडीची मर्यादा होती. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त ध्वनिमुद्रण बसवले तर खाचा जवळ येतात आणि आवाज पडतो, म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय वादकांना घ्यावाच लागत असे. ती मर्यादा सीडीने सैल केली आणि आता तर ती उरलेलीच नाही.

आमच्याकडे ही मर्यादा आणखी एका रूपात होती. "कॅसेट भरून मिळेल" अशी पाटी लावलेल्या दुकानात साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली परत घ्यायची. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे मावत, त्यामुळे नव्वदच्या कॅसेटमध्ये एकेका बाजूला एकेक अल्बम बसवायचा, हा नेहमीचा हिशेब होता. अल्बम अठ्ठेचाळीस मिनिटांचा निघाला की शेवटचे गाणे मधेच तुटायचे, नाहीतर दुकानदार आपल्या मनाने मधले एखादे गाणे वगळून बाकीची बसवून द्यायचा आणि वेष्टनावर बॉलपेनने गाण्यांची यादी लिहिताना त्या क्रमांकावर छोटी रेघ ओढायचा. कित्येक अल्बम मी वर्षानुवर्षे अशा एका गाण्याविना ऐकले. पुढे पूर्ण अल्बम ऐकायला मिळाला तेव्हा काही वेळा ते गाळलेले गाणेच सर्वांत चांगले निघाले आणि काही वेळा त्याच्यावाचून काही अडले नव्हते असे वाटले. तेव्हापासून कोणताही अल्बम ऐकताना यातून कोणते गाणे वगळता येईल, हा प्रश्न माझ्या मनात उभा राहतोच. '72 सीझन्स' मधून मी किमान तीन गाणी काढली असती, मात्र अकरा मिनिटांचे शेवटचे गाणे ठेवले असते, कारण त्या लांबीत काहीतरी उलगडत जाते.

'पॉवर अप' मध्ये बारा गाणी आहेत आणि ती एक्केचाळीस मिनिटांत संपतात. मला मेटालिकाच्या पुढच्या अल्बमकडून एवढेच हवे आहे की त्यांनी कोणालातरी कात्री चालवण्याचा अधिकार द्यावा.

भुसावळ जंक्शन

गन्स अँड रोझेसविषयी थोडेसे. 17 मे 2025 रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर त्यांचा कार्यक्रम झाला, त्याला मी गेलो होतो. रात्रीच्या गाडीने भुसावळहून आमच्या भागातली आणखी काही मंडळी निघाली होती आणि काळे टी-शर्ट पाहून डब्यातच ओळखी झाल्या. मैदानात जुन्या गाण्यांना जो प्रतिसाद मिळाला तो शब्दांत सांगता येणार नाही. परंतु गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ मकॅगन 2016 मध्ये गायक ॲक्सल रोझकडे परत आल्यापासून या तिघांनी मिळून नव्याने रचलेला एकही पूर्ण अल्बम नाही. 2021 आणि 2023 मध्ये जी सुटी गाणी आली, ती मुख्यतः 'चायनीज डेमॉक्रसी' या 2008 च्या अल्बमच्या काळात अर्धवट राहिलेल्या गाण्यांना नवीन रूप देऊन केलेली आहेत. मला ती आवडतात. तरीही एका खोलीत बसून ॲक्सल, स्लॅश आणि डफ यांना आज काय सुचते, हे ऐकण्यासाठी मी थांबलो आहे.

तापीकाठ (जळगाव)

पांझराभाऊ, 'इन्व्हिन्सिबल शील्ड' चे उदाहरण अगदी योग्य आहे. संथपणा म्हणजे परिपक्वता, असे मला म्हणायचे नाही. त्या अल्बममधला वेगही मला त्या वयाचाच वाटतो, कारण त्यात धडपड नाही; कोणत्या क्षणी थांबायचे हे पक्के ठाऊक असलेल्या माणसांचा तो वेग आहे.

भुसावळ जंक्शन यांच्या प्रतिसादातून एक विषय पुढे येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या बँडांच्या नव्या अल्बममध्ये जुने, अर्धवट राहिलेले साहित्य असते, आणि अनेकदा ते हयात नसलेल्या सहकाऱ्याचे असते. अशा अल्बमची वाट पाहताना आपण त्या गेलेल्या माणसाच्या शेवटच्या कामाचीही वाट पाहत असतो.

रोलिंग स्टोन्सने स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम 2005 नंतर थेट ऑक्टोबर 2023 मध्ये दिला, तो 'हॅकनी डायमंड्स'. मधे 2016 मध्ये ब्लूजच्या जुन्या गाण्यांचा एक अल्बम येऊन गेला होता. ड्रमर चार्ली वॉट्स 24 ऑगस्ट 2021 रोजी गेला, आणि त्याने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी या अल्बममध्ये घेतली आहेत. त्यांपैकी एका गाण्यात 1993 मध्ये बँड सोडून गेलेला बिल वायमन बेस वाजवतो. ही दोन गाणी आणि स्टीव्ह जॉर्डनने वाजवलेली बाकीची गाणी लागोपाठ ऐकून पाहा. जॉर्डन कसलेला वादक आहे, त्याचा ठोका नेमका आणि भक्कम पडतो. वॉट्स मात्र स्नेअरवर (संचातल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) काठी मारताना त्या क्षणापुरता हाय-हॅटवरचा (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांवरचा) हात उचलून घेत असे, त्यामुळे स्नेअरचा ठोका मोकळ्या जागेत पडतो आणि सगळे गाणे किंचित मागे रेलून चालल्यासारखे वाटते. ही एवढीशी लकब कित्येक वर्षे त्या बँडच्या चालीत मुरलेली होती आणि ती नसलेली गाणी ऐकतानाच तिचे मोल समजते. हा अल्बम होऊ शकला त्याचे एक कारण म्हणजे गायक मिक जॅगरने काम संपवण्यासाठी 2023 च्या 14 फेब्रुवारीची मुदत घालून दिली होती. वर्षानुवर्षे चाललेली चालढकल त्या एका तारखेने संपली, असे मी मानतो.

एसी/डीसीची गोष्ट याहून अधिक हृद्य आहे. माल्कम यंग नोव्हेंबर 2017 मध्ये गेला. 'पॉवर अप' मधली सर्व गाणी अँगस आणि माल्कम या दोघा भावांच्या नावावर आहेत, कारण अँगसने दोघांनी मिळून पूर्वी रचून बाजूला ठेवलेल्या कल्पनांमधून तो अल्बम उभा केला. त्यात वाजवणारा ताल-गिटारवादक स्टीव्ही यंग हा त्यांचा पुतण्या. गिटार माल्कमची नाही, पण रचना त्याची आहे. याच्या उलट पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याच्या सप्टेंबर 2024 मधल्या 'लक अँड स्ट्रेंज' मध्ये शीर्षकगीताला 2007 सालच्या एका वादनाचा आधार आहे, जे गिलमोरच्या घराजवळच्या कोठारात झाले होते आणि ज्यात त्याच बँडमधला रिचर्ड राइट की-बोर्डवर होता. राइट पुढच्याच वर्षी गेला. तिथे रचना नवी आहे आणि हात जुन्या मित्राचे आहेत. मला हे दोन्ही प्रकार मनापासून स्वीकारार्ह वाटतात, कारण ज्या माणसांनी एकत्र आयुष्य काढले त्यांनीच ते साहित्य हाताळले आहे.

अक्राणी (नंदुरबार)

या विषयात आपल्या देशातला बँड येऊ नये, हे मला खटकते. इंडियन ओशन 1990 पासून वाजवत आहे आणि त्यांच्या अल्बमसाठी मी जेवढा थांबलो तेवढा कोणत्याही परदेशी बँडसाठी थांबलो नाही.

त्याचे कारण आमच्या भागाशी जोडलेले आहे. या बँडचा बेसवादक आणि गायक राहुल राम 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात होतो, आणि सरदार सरोवराच्या बुडितात येणारी महाराष्ट्रातली गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत नर्मदेच्या काठाने होती. त्यांतल्या मणिबेलीचे नाव तेव्हा देशभर पोहोचले. आंदोलनातल्या लोकांच्या तोंडी असलेले नर्मदेचे पारंपरिक गीत या बँडने 2000 सालच्या 'कंदिसा' या अल्बममध्ये घेतले. ते शहरात रॉकच्या कार्यक्रमांत गाजले आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीतही म्हटले गेले. ज्यांच्या गावात पाणी शिरले त्यांच्यासमोर बसून हा माणूस गायला होता, ही जाणीव ठेवून ते ऐकले की बेसची ती घुमणारी चाल वेगळीच लागते.

तापीकाठ यांनी मांडलेला गेलेल्या सहकाऱ्याचा प्रश्नही इथे आहे. असीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 रोजी गेला. तो तबला वाजवत गात असे, आणि तो आवाज हीच या बँडची ओळख होती. पुढच्या वर्षी '16/330 खजूर रोड' आला. हा दिल्लीतल्या करोल बागेतल्या त्या जुन्या घराचा पत्ता, जिथे हा बँड सराव करत असे. असीमचा आवाज आणि तबला असलेली ही गाणी त्यांनी दरमहा एक याप्रमाणे इंटरनेटवर विनामूल्य दिली. महिनाभर एकच गाणे ऐकायचे आणि पुढच्याची वाट पाहायची, असा तो काळ होता. नेटची गती फार कमी होती, पण गाणे एकदा उतरले की ते घरोघरी जात असे. त्यानंतर 2013 मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडला, 2014 मध्ये 'तांदानू' आला आणि मग 2023 मध्ये 'तू है'. या दोन अल्बमांमध्ये नऊ वर्षे गेली. आता पुढचा अल्बम आला तर त्यात नर्मदेकाठच्या माणसांचे आजचे गाणे असावे, अशी माझी इच्छा आहे. पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेली पिढी आता तरुण झाली आहे आणि तीही गाते.

अनेर (चोपडा)

मी या धाग्यावर सर्वांत लहान असेन. वडिलांच्या कॅसेटी घरात होत्या, पण मी स्वतः ऐकायला लागलो ते हॉस्टेलवर, मोबाइलवर. दोन प्रश्न आहेत. पहिला असा की अल्बमच्या आधी दोन-तीन गाणी प्रसिद्ध होतात, ती ऐकावीत की पूर्ण अल्बम येईपर्यंत थांबावे? दुसरा असा की 2023 मध्ये बीटल्सचे जे शेवटचे गाणे आले, त्यात जॉन लेननचा आवाज यंत्राच्या साहाय्याने वेगळा काढला होता. तापीकाठ काका, तेही तुम्हाला स्वीकारार्ह वाटते का?

गिरणाकाठची (चाळीसगाव)

अनेर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते. मी आगाऊ आलेली गाणी ऐकत नाही. ती बहुधा सर्वांत लवकर कानात बसणारी म्हणून निवडलेली असतात आणि त्यामुळे पूर्ण अल्बम ऐकताना मन त्याच गाण्यांपाशी थबकते. 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध होतात. तो शुक्रवार येईपर्यंत थांब, पहिल्यांदा अनुक्रम न बदलता सलग ऐक, आणि शक्य असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस. बेस त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही आणि या सगळ्या बँडांचा अर्धा जीव बेस आणि ड्रममध्ये आहे.

तापीकाठ (जळगाव)

अनेर, दुसरा प्रश्न फार चांगला विचारलास. लेननने 1970 च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर बसून एका कॅसेटवर गायलेले ते गाणे होते. आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे 1995 मध्ये उरलेल्या तिघांनी त्यावर काम सुरू करून सोडून दिले. पुढे आवाज वेगळा करण्याचे तंत्र मिळाले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये गाणे पूर्ण होऊन आले. आवाज लेननचाच आहे, जॉर्ज हॅरिसनची गिटार 1995 सालची त्याचीच आहे, आणि काम पॉल मकार्टनी व रिंगो स्टार यांनी पुरे केले. यंत्राने फक्त पियानो बाजूला केला. म्हणून ते मला मान्य आहे. ज्या दिवशी यंत्र गेलेल्या माणसाच्या आवाजात त्याने कधीच न गायलेले गाणे गाईल, त्या दिवशी तो अल्बम माझ्यापुरता त्या बँडचा राहणार नाही, मग तो कितीही सुरेल असो.

पांझरा (धुळे)

इथे आपले एकमत आहे.

आयर्न मेडनविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण मी मुख्यतः त्यांच्याच अल्बमची वाट पाहतो आहे. बेसवादक स्टीव्ह हॅरिसने 1975 मध्ये हा बँड स्थापन केला. निको मॅकब्रेन 1982 मध्ये आला आणि 1983 च्या 'पीस ऑफ माइंड' पासून 'सेन्जुत्सु' पर्यंत प्रत्येक स्टुडिओ अल्बममध्ये ड्रम त्याचेच आहेत. डिसेंबर 2024 मध्ये त्याने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली आणि 2025 पासून सायमन डॉसन कार्यक्रमांत वाजवतो. नव्या अल्बमवर कोण वाजवेल, यावर माझ्या दृष्टीने त्या अल्बमचे बरेच काही अवलंबून आहे. मेटलमध्ये बहुतेक ड्रमर दोन पायांनी बास ड्रम वाजवतात. निकोने एकाच पेडलवर चार दशके काढली. मेडनच्या गाण्यांत घोड्याच्या टापांसारखी जी दौड आहे ती हॅरिसच्या बोटांत आहे, आणि निकोचा उजवा पाय त्या बोटांच्या मागोमाग जात असे. डॉसन तीच जुनी गाणी थोड्या संथ, घट्ट चालीत वाजवतो असे मला चित्रफिती पाहून वाटले. गिरणाकाठच्या ताईंना लांबीची काळजी आहे, ती मला मेडनबाबत नाही. हॅरिस आणि निको या जोडीची एकमेकांत बसलेली चाल बदलली तर हॅरिस आपली गाणी तरीही पूर्वीसारखीच रचणार, की नव्या ड्रमरच्या हाताला मानवेल अशी रचणार, हे मला त्या अल्बममधून ऐकायचे आहे.

भुसावळ जंक्शन

पांझराभाऊ, हॅरिस कोणासाठी आपली चाल बदलेल असे वाटत नाही. 1983 मध्ये निको नवा होता तेव्हाही गाणी हॅरिसच्याच चालीची होती आणि निको त्यात उतरला. 'पीस ऑफ माइंड' चे पहिले गाणे ड्रमच्या ज्या तुकड्याने सुरू होते तो पुन्हा ऐका; नव्या माणसाला पहिल्याच क्षणी पुढे करण्याचे धैर्य त्या बँडने तेव्हा दाखवले होते. डॉसनला तशी संधी मिळाली, तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच आपल्याला उत्तर मिळेल.